कमरेच्या वर खिळा नाही

आमच्या लातूरच्या घरात कॅलेंडर गुडघ्याच्या उंचीवर टांगलेलं असायचं. तारीख बघायची तर खाली बसावं लागे. बाबांचे साहेब एकदा चहाला आले आणि एकादशी कधी आहे ते बघायला बिचारे उकिडवे बसले. उठताना त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की या घरात सगळे ठीक आहेत ना? मी काय सांगणार, कपाळ? आरसा तसाच खाली, घड्याळ तसंच खाली, देव्हारा जमिनीवर पाटावर. कमरेच्या वर खिळा नाही, हा आईचा कायदा होता, आणि आमच्या घरात हायकोर्टही तीच होती.

हा कायदा भूकंपानंतरचा. त्याआधीची आई वेगळीच होती. आमच्या गल्लीत कुणाच्याही महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, बसायच्या असल्या की आधी आईला बोलावणं यायचं. घरातल्या जुन्या साड्यांचं मखर, चहाच्या पुड्यांच्या चांदीचे तारे, रद्दी पेपरची झालर. ही झालर तिचा हातखंडा. पेपरची आठ घड्यांची घडी घालायची, कात्री एकदाच चालवायची, आणि उलगडली की हातभर लांब मोरांची रांग. पैसा लागत नाही गं, हात लागतात, असं ती म्हणायची. मला तेव्हा ते सगळं फार साधं वाटायचं. आपल्याकडं असतं तेव्हा कशाची किंमत असते?

तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, निलंग्याकडच्या एका खेड्यात दिली होती. दगडमातीचं घर, हातभर रुंद भिंती. त्या वर्षी मी अकरावीला होते आणि आई मुद्दाम मावशीकडच्या महालक्ष्म्या मांडायला गेली होती. मावशीच्या घरात भिंतीला लांब फळी होती, पण भांडी सगळी खाली कोपऱ्यात पडलेली. आईला ते बघवलं नाही. तिनं सगळं पितळ चिंचेनं घासून लख्ख केलं, फळीला झालर लावली आणि भांडी वर मांडली. सगळ्यात मोठी घागर मधोमध, मावशीच्या अंथरुणाच्या बरोबर वर. मावशी म्हणत होती, राहू दे अक्का, खालीच बरी आहे ती. आईनं ऐकलं नाही.

आई लातूरला परत आली आणि त्याच आठवड्यात, पहाटे माणसं झोपेत असताना, भूकंप झाला. मावसा गणपती बुडवायला गेले होते म्हणून वाचले. मावशी गेली.

आमच्या लातूरच्या घराला नुसत्या भेगा पडल्या. पण आई मावशीच्या गावाला जाऊन परत आली ती एक चेपलेली घागर पोत्यात गुंडाळून घेऊन आली, आणि आल्या आल्या तिनं घरातलं भिंतीवरचं सगळं उतरवलं. फोटो, फळ्या, खुंट्या, माझ्या शाळेतल्या रांगोळीच्या बक्षिसाची फ्रेमसुद्धा. बाबांनी अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं. तसं त्या वर्षी सगळं लातूरच बाहेर झोपायचं. पण हळूहळू लोक आत गेले. आम्हीही गेलो. आई गेली नाही. दिवसा ती आत येऊन स्वयंपाक करायची, तोही पाठ दाराकडं करून, मागच्या मागं बाहेर पळता यावं म्हणून. संध्याकाळी भांडी झाली की शेडमध्ये. एक नाही, दोन नाही, सात वर्षं.

शेडमध्ये तिच्या खाटेखाली ती पोत्यातली घागर आणि उशाशी ग्लासांची उतरंड. ही युक्ती तेव्हा घरोघर होती: परातीत एक ग्लास उपडा, त्याच्यावर वाटी, वाटीवर ग्लास, असं रचत जायचं. जमीन जराशी हलली की सगळं परातीत कोसळणार आणि तुम्हाला जाग येणार. बाकीच्यांच्या उतरंडी वर्षभरात मोडल्या, आईची चालूच. आमच्या घरातले झाडून सगळे स्टीलचे ग्लास त्या उतरंडीत गुंतलेले. पाहुण्याला पाणी द्यायचं तर तांब्याभांडं, आणि दोन पाहुणे आले तर एकानं थांबायचं. त्यातून गल्लीतलं एक बोकं मेलं असं अवलक्षणी, की महिन्यातून एकदा तरी त्या उतरंडीला धक्का द्यायचंच. परात वाजली की आई बाबांच्या नावानं हाका मारत रस्त्यावर, तिच्यामागं आम्ही, आमच्यामागं शेजारी. मांजर मात्र शांतपणे भिंतीवर बसून अंग चाटत असायचं.

मला तिची लाज वाटायची. आणि अशी लाज वाटते याची त्याहून जास्त लाज वाटायची. मी स्वभावानंच तापट. एकदा चिडून म्हटलंसुद्धा, आणखी किती वर्षं हे नाटक? बाबा मला आत घेऊन गेले आणि एवढंच म्हणाले की तिला वाटतं ती घागर मावशीच्या डोक्यात पडली. बहिणीला आपणच मारलं असं मनात धरून बसलेल्या माणसाला काय समजावणार? त्या दिवसापासून आम्ही दोघं त्या विषयावर मूग गिळून बसलो.

सातव्या हिवाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. बरी झाली, पण डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाजूला घेऊन बजावलं, की आणखी एक थंडी या पत्र्याखाली काढली तर मी काही सांगू शकत नाही. म्हणजे दिवाळीच्या आत आईला घरात आणायचं होतं. कसं, ते डॉक्टरांनी लिहून दिलं नव्हतं.

तेव्हा मी चाकूरजवळच्या एका शाळेत शिक्षिका होते, रोज एसटीनं जाऊन येऊन. आणि लातूरमध्ये तेव्हा क्लासेसचं पीक आलं होतं. जून लागला की एसट्या भरभरून पोरं उतरायची. नांदेडची, परभणीची, उदगीरची, हातात गादीची वळकटी आणि लोखंडी पेटी. आमच्या गल्लीत तर दर दुसऱ्या दारावर ‘मुलींसाठी खोली मिळेल’ अशी पाटी. बाबांच्या मनात आलं, आपली पुढची खोली रिकामीच आहे, घरात एखादी पोर वावरली तर हिचंही मन रमेल. आई म्हणाली, आणा खुशाल, मला कुठं त्या खोलीत झोपायचंय.

मुदखेडहून एक मुलगी आली, बारावीची, तिच्या वडिलांबरोबर. वडील रेल्वेत होते. माणूस सरळ, पण जिभेला हाड नाही. खोलीत पाऊल टाकलं आणि म्हणाले, “ही खोली हाय का गोदाम?” मुलीचा चेहरा एवढासा झाला. खरं सांगायचं तर ते खोटं बोलत नव्हते. उघड्या भिंती, चुन्याचे पोपडे, कोपऱ्यात भेग, आणि त्या भेगेच्या टोकाशी बाबांनी पेन्सिलीनं मारलेल्या खुणा. भेग वाढते का ते बघायला ते दर दिवाळीला तिथं महिना आणि साल लिहायचे. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, आठ दिवसांनी या, खोली ओळखू आली तर नाव बदलीन.

बोलून बसले खरी. आता करणार काय? शाळेला सुट्टी होती, एवढंच हातात.

पहिला प्रश्न आईचा. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि काय काय लावणार त्याची यादी वाचली. तिनं एकेक वस्तू खोडली. फळी, न्हाई. फ्रेम, न्हाई. दारावर बांगड्यांचं तोरण, न्हाई, काच हाय ती. मग काय लावू, माझं डोकं? आई शांतपणे म्हणाली, “जे डोक्यावर पडलं तर लागत न्हाई, ते लाव. कपडा लाव. रंग लाव. बाकी सगळं कमरेच्या खाली.”

मी रागारागानं कुंचा उचलला. म्हटलं, खाली तर खाली. चुन्यात नीळ कालवून वरच्या भिंतीला हात मारला, कमरेपर्यंत विटकरी पट्टा ओढला. बाबा मध्येच येऊन म्हणाले, माझ्या खुणांवर रंग फासशील तर बघ. तेवढा वीतभर चौकोन कोरा ठेवला, तो अजून आहे. नांदेडला बी.एड. करताना बाजारातून वजनावर मिळणारे कापडाचे तुकडे मी पिशवीभर आणून ठेवले होते, शिवू शिवू म्हणत. ते जोडून जमिनीवरची बैठक शिवली. आईच्या विरलेल्या इरकलीचा पडदा केला. काठ इतका सुंदर की खिडकीलाच लाज वाटावी. काच काढून टाकलेली चित्रं पुठ्ठ्याला चिकटवून गुडघ्याच्या उंचीवर लावली. मोरपिसं विटकरी पट्ट्यावर चिकटवली. आणि पत्र्याच्या ट्रंकेला कागदी झालर लावावी म्हणून पेपर कापायला बसले.

माझ्या हाताला कसली झालर येते! मोर कापायला गेले तर कोंबड्याही होईनात. आई दारातून बघत होती. उंबऱ्याच्या बाहेर, नेहमीसारखी. मी तिसरा पेपर वाया घालवला तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. आत आली, माझ्या हातातली कात्री ओढून घेतली, म्हणाली, अशी न्हाई गं बाई, घडी उलटी घातलीस. आणि तिथंच फरशीवर बसली. दाराकडं पाठ करायलाही विसरली. सात वर्षांनी आईच्या हातातून मोर उलगडले. मी भिंतीकडं तोंड करून कुंचा फिरवत राहिले, कारण रडताना मला कुणी बघितलेलं मला आवडत नाही.

त्या बांगड्यांचं काय करायचं, हेही शेवटी तिनंच ठरवलं. मी त्या मेणबत्तीवर तापवून, वाकवून त्यांची साखळी केली होती. ती आईनं मुलीसाठी मांडलेल्या बसक्या मेजाच्या कडेला बांधली, फरशीपासून वीतभर वर, आणि बोटानं हलवून बघितली. किणकिण वाजली. म्हणाली, बरं हाय, जमीन हलली की वाजंल, पोरीला कळंल. म्हणजे सजावट नाही, धोक्याची घंटा! मी कपाळाला हात लावला. पण तिनं त्या खोलीत तिच्या मनानं केलेली ती पहिली गोष्ट होती, म्हणून ती साखळी तिथंच राहू दिली.

आठ दिवसांनी मुदखेडकर आले. वडील दारात उभे राहून भुवया वर करून बघत होते. उभ्या माणसाला आमच्या खोलीत बघण्यासारखं काही नव्हतंच, नुसती निळी भिंत. पण मुलगी पुस्तकांची पिशवी ठेवून खाली बैठकीवर बसली, आणि तिचं तोंड हळूहळू उजळलं. चित्रं तिच्या डोळ्यांसमोर, मोरपिसं हाताशी, झालर मांडीशी. क्लासची पोरं दिवसातले बारा तास जमिनीवर मांडी घालून घोकत बसतात, त्यांच्यासाठी ती खोली बरोबर मापाची निघाली. मी हे ठरवून केलं असं पुढं कित्येकांना सांगितलं. साफ खोटं. ते आईच्या भीतीचं माप होतं.

मुलगी गोड होती, पण धांदरट आणि बडबडी. अभ्यास मोठ्यानं करायची, आणि फिजिक्सचं गाडं अडलं की आईला धरून समजावून सांगायची, म्हणजे तिला स्वतःला समजायचं. आई चौथी शिकलेली. पण दुपारी भाजी निवडायला ती त्या खोलीत जाऊन बसू लागली. ताट मांडीवर, कान मुलीकडं. मी शाळेतून आल्यावर मला सांगायची, आज गुरुत्वाकर्षण झालं. मग अंधार पडायच्या आत शेडमध्ये. दसरा गेला, हवेत गारवा आला आणि मी दिवाळीपर्यंतचे दिवस मोजायला लागले.

मग एका रविवारी तो घोटाळा झाला. मुलीनं दिवाळीला घरी जायच्या आधी खोली आणखी छान करायची म्हणून कापसाच्या पऱ्हाट्या आणल्या, बोंडांसकट. त्या उभ्या करायला काहीतरी भांडं हवं होतं. आई बाजारात गेलेली. मुलीनं शेडमध्ये शोधलं, खाटेखालचं पोतं सोडलं आणि ती घागर बाहेर काढली. तिला काय माहीत? चिंच लावून तास-दीड तास घासली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर खोलीच्या कोपऱ्यात घागर सोन्यासारखी झळकत होती, तिच्यात पांढरी बोंडं, आणि दारात आई, हातात भाजीची पिशवी.

आता ही शेडमध्ये जाईल ती कायमची, असंच वाटलं. मुलगी हसत म्हणाली, कसं दिसायलंय काकू? आई आत आली, घागरीसमोर बसली. मग जे सात वर्षांत ती माझ्याशी, बाबांशी बोलली नव्हती ते त्या परक्या पोरीला सांगितलं. महालक्ष्म्या, फळी, झालर, राहू दे अक्का, सगळं. आणि शेवटी म्हणाली, “मीच ठेवली होती वर. तिच्या डोक्यावर.”

मुलीचा चेहरा उतरला. मला वाटलं आता ही रडणार, माफी मागणार. पण ती घागरीजवळ सरकली, पऱ्हाट्या काढून बाजूला ठेवल्या आणि घागर हातात घेऊन फिरवून फिरवून बघायला लागली. घासल्यामुळं आता सगळं दिसत होतं. एका बाजूनं पोट पार आत गेलेलं, गळा मुडपलेला. फळीवरून पडलं तर एवढा पोचा येतो, असं म्हणून तिनं बोटांनी रुपयाएवढं माप दाखवलं. जड पितळ आहे, काकू, माणसावर पडून ते असं चपटं होत नाही. असं व्हायला वरून मोठं वजन यावं लागतं, भिंतीएवढं.

“घागर कुणावर नाही पडली, काकू,” ती म्हणाली. “घागरीवर सगळं पडलंय. मावशीसारखंच.”

आता विचार केला तर त्या तर्काला सतराशे साठ भोकं होती. आधी घागर पडली आणि मग भिंत पडली, असंही कुणी म्हणू शकलं असतं. शिवाय त्याच आठवड्यात फिजिक्सच्या टेस्टमध्ये बाईसाहेब सपाटून आपटल्या होत्या. पण सात वर्षांत आमच्यापैकी कुणी ती घागर पोत्यातून काढून साधी बघितलीसुद्धा नव्हती. आम्हाला वाटायचं विषय न काढणं म्हणजेच प्रेम.

आई म्हणाली, तुला काय कळतंय, आणि उठून बाहेर गेली. घागर मात्र तिनं नेली नाही. मी रात्रभर तळमळले, मुलीवरही चिडले, स्वतःवरही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर पऱ्हाट्या परत घागरीत उभ्या होत्या, आणि घागरीच्या मुडपलेल्या गळ्याभोवती कागदी झालर बांधलेली. मोर. कुणी बांधली ते मी विचारलं नाही.

दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशीची गोष्ट. मुलगी दुपारच्या गाडीनं मुदखेडला जायची होती. पेटी भरत होती, आई तिच्यासाठी चिवड्याचा डबा घेऊन खोलीत बसली होती. बाबा आणि मी तिला स्टेशनवर सोडून आलो तेव्हा घर चिडीचूप. शेडमध्ये आई नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती. पुढच्या खोलीत डोकावलो तर बैठकीवर, घागरीशेजारी, उशाला मुलीच्या गादीची वळकटी घेऊन, आई झोपली होती. स्लॅबखाली. पाय पोटाशी घेऊन, तोंड जरासं उघडं.

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही दोघं चोरासारखे दारात उभे. फॅन लावावा का, नको, आवाज होईल. पांघरूण घालावं का, नको, जाग येईल. किती वेळ गेला कोण जाणे. आणि तेवढ्यात, जळलं मेलं ते बोकं, अंगणात परात वाजली. सगळी उतरंड कोसळली. ग्लास, वाट्या, ग्लास, फरशीवर गडगडत गेले. बाबांनी माझा हात घट्ट धरला.

आईनं डोळे उघडले. वर स्लॅबकडं बघितलं. मग मेजाच्या कडेच्या बांगड्यांकडं बघितलं. त्या हलत नव्हत्या.

“मांजर हाय,” ती म्हणाली. कूस बदलली, आणि भिंतीकडं तोंड करून पुढं म्हणाली, “ते ग्लास घासून आत ठेव गं. पोरगी आली की पाण्याला पुरत न्हाईत.”

मी अंगणात गेले. एकेक ग्लास शोधून गोळा केला, एक तर पार तुळशीमागं गेला होता. बाबा माझ्यामागं येऊन उभे राहिले. त्यातला एक त्यांनी घेतला, नळाखाली विसळला आणि पाणी प्यायले.